भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये माणसं राहतात

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली ज्याला त्याला दुसरा फ्लॅट घ्यायचाय. एफडीचं व्याज पुरत नाही, शेअर्सची भीती वाटते, मग वाकड, बाणेर, आंबेगाव असं कुठेतरी वन बीएचके नाहीतर टू बीएचके बुक करायचा, भाड्याने द्यायचा आणि भाड्यातून हप्त्याला हातभार लावायचा, हे गणित आमच्या ओळखीत घरोघरी चालू आहे. पेपरात प्रॉपर्टीची पानं असतात, मोबाईलवर तर रोज कोणीतरी पॅसिव्ह इनकम शिकवत असतं, कुठल्या एरियात भाडं जास्त, फर्निचर केलं तर किती वाढतं, कर्ज किती वर्षांचं काढावं, सगळं सांगतात. फक्त त्या फ्लॅटमध्ये कोणीतरी राहणार आहे, स्वयंपाक करणार आहे, आजारी पडणार आहे, त्याच्या पोरांची दहावी असणार आहे, आणि त्या माणसाशी आपल्याला वर्षानुवर्षं बोलावं लागणार आहे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

आमचा वारज्यात एक फ्लॅट बरीच वर्षं भाड्याने आहे आणि माझे दीर अमेरिकेत असल्यामुळे कोथरूडचा सासूबाईंचा फ्लॅटही मीच बघते. म्हणजे किल्ल्या माझ्याकडे, भाडेकरूचे फोन मला, गिझर बिघडला की प्लंबर मी बघायचा. या सगळ्यात माझं एक मत पक्कं झालंय आणि तेवढंच मला इथे सांगायचंय. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात माणसं दुखावतात ती पैशांमुळे कमी आणि वेळेवर न सांगितलेल्या गोष्टींमुळे जास्त. भाडं वाढवणं, घर रिकामं करून मागणं, डिपॉझिट कापणं हे सगळं व्यवहारात येतंच, त्यात वाईट काही नाही. पण ते आपण शेवटच्या क्षणी सांगतो, एजंटच्या तोंडून सांगतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून मोकळे होतो, आणि समोरच्याला वाटतं की आपली इथे काही किंमतच नव्हती.

सुरुवात मालकाच्या भावनांपासून करते, कारण त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. कोथरूडचा फ्लॅट सासूबाई गेल्यावर रिकामा होता. तो द्यायचा ठरला तेव्हा दिरांनी फोनवर दहा वेळा सांगितलं की आईचं देवघर आहे तिथेच राहू दे. सागवानी देवघर, स्वयंपाकघरात भिंतीला स्क्रूने बसवलेलं, खालच्या ड्रॉवरमध्ये अजून वाती आणि अष्टगंधाची डबी. बघायला आलेलं कुटुंब केरळचं होतं, ती इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स, नवरा आयटीत, दोघंही ख्रिश्चन. माणसं चांगली, पगार नियमित, पहिल्या भेटीतच सगळं पटलं. जाता जाता ती मला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, काकू, हे देवघर तुम्ही घेऊन जाल का, आम्ही त्यात काय ठेवावं आणि त्याच्यासमोर मासे करावेत की नाही, काही कळत नाही, आमच्याकडून तुमच्या मनाला लागेल असं व्हायला नको. किती समंजस बोलली ती मुलगी! मी दिरांना स्पष्ट सांगितलं की देवघर मी आमच्याकडे आणते आणि तुमचं मन तयार नसेल तर फ्लॅट बंद ठेवू, पण देवघरही ठेवायचं आणि भाडंही घ्यायचं असं करू नका, त्या बाईला रोज तिच्याच स्वयंपाकघरात अवघडल्यासारखं होईल. त्यांना आधी राग आला, दोन-तीन दिवस फोन नाही, मग स्वतःच म्हणाले घेऊन जा. सुतार बोलावून व्यवस्थित उतरवलं, आता ते आमच्या हॉलमध्ये आहे आणि त्याची रोज पूजा होते.

हे एवढ्यासाठी लिहिलं की आईवडिलांचं घर भाड्याने देणारे खूप जण आहेत, मुलं बाहेरगावी किंवा परदेशी, आणि ते घर त्यांच्या डोक्यात अजून आईचंच असतं. मग भाडेकरूने भिंतीला खिळा मारला तरी यांच्या छातीत खिळा मारल्यासारखं होतं. व्हिडिओ कॉलवर मागे दिसलेला पडदा बघूनसुद्धा विचारतात, तो जुना का काढला. अशा लोकांना माझं म्हणणं एकच, आधी ज्या वस्तूत जीव अडकलाय ती वस्तू उचलून न्या, फोटो, ट्रंक, शिवणाचं मशीन, जे असेल ते, आणि तरीही जमत नसेल तर काही महिने थांबा. मन तयार नसताना घर देणं म्हणजे भाडेकरूला दर महिन्याला पैसे घेऊन परक्याच्या घरात पाहुणा म्हणून ठेवणं आहे.

आता पैशांकडे येते, कारण गुंतवणूक म्हटली की हिशोब हवाच. समजा फ्लॅट 90 लाखांचा आणि भाडं 25,000. वर्षाचे झाले 3 लाख, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. त्यातून महिन्याला तीन-साडेतीन हजार मेंटेनन्स, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जे लावते ते, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, 2001 सालचा सरकारी आदेश आहे, तरी काही सोसायट्या मनाला येईल तेवढे लावतात), पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात जी 40 टक्के सवलत असते ती भाड्याने दिल्यावर जाते, मग इन्कम टॅक्स. हातात दोन-अडीच टक्के राहिले तरी पुष्कळ. आता यात दोन हजार भाडं वाढवण्यावरून तुम्ही चांगल्या भाडेकरूला घालवलंत आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर 25,000 तिथेच गेले, एजंटची दलाली वेगळी, रंग काढायचा तो खर्च वेगळा, आणि वाढीव दोन हजाराचे अकरा महिन्यांत येणार 22,000. म्हणजे माणूस तोडून वर तोटाच. मी काही भाडं वाढवू नका असं म्हणत नाही, मी पण वाढवते, महागाई आम्हालाही आहेच. पण ते किती टक्के आणि कधी हे पहिल्या अ‍ॅग्रीमेंटच्या वेळीच तोंडावर सांगते, पाच टक्के तर पाच टक्के, आणि करार संपायच्या दोन महिने आधी स्वतः फोन करून विचारते की राहणार आहात का. त्या फोनला काही खर्च नाही. भाडेकरूला त्याच्या घरी बजेट मांडता येतं, दुसरीकडे बघायचं असेल तर बघता येतं, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी आपल्याला विचारलं हे बरं वाटतं.

या उलट काय होतं ते मी आमच्याच सोसायटीत बघितलं. एका मालकांनी फ्लॅट विकायला काढला, भाडेकरूला सांगितलंच नाही, थेट एजंटकडे नंबर दिला. रविवारी दुपारी जेवायच्या वेळेला एजंट दोन पार्ट्या घेऊन दारात. घरात आजी झोपलेली, सून ताटं वाढत होती, आणि चार अनोळखी माणसं आत येऊन बेडरूमचं दार उघडतायत, कपाटं उघडून खोली बघतायत, बाथरूमला उजेड येतो का म्हणून दिवा लावतायत. ती सून नंतर मला जिन्यात भेटली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली घर विकायचं तर विका ना, त्यांचंच आहे, पण आम्ही आत राहतोय हे तरी लक्षात ठेवा. बरं, त्या मालकांना हातात पैसे यायची घाई होती हे मी समजू शकते, त्यांच्याकडे मुलीचं लग्न होतं. पण आदल्या दिवशी एक फोन केला असता, वेळ ठरवली असती, एजंटला सांगितलं असतं की कपाटं उघडायची नाहीत, तर त्या बाईने चहासुद्धा केला असता. पुढे तिने कोणालाच आत घेतलं नाही आणि विक्री लांबली ती लांबलीच. केंद्राने 2021 साली जो मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट आणला त्यात घरात यायच्या आधी मालकाने 24 तास अगोदर कळवायचं असं लिहिलंय, निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असंही आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, आपल्याकडे अजून 1999 चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो, पण 24 तास आधी फोन करायला कायदा कशाला लागतो?

डिपॉझिट हा सगळ्यात नाजूक विषय. वर्षभर काका-काकू, दादा-वहिनी म्हणणारी माणसं शेवटच्या दिवशी एकमेकांशी अशी बोलतात की ऐकवत नाही. कारण एकच, घर दिलं तेव्हा कसं होतं याची नोंद कुठेच नसते. मालकाला ते चकचकीत आठवतं आणि भाडेकरूला गळका नळ आठवतो, दोघंही खोटं बोलत नसतात. मी किल्ली देताना भाडेकरूला सोबत घेऊन मोबाईलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढते, किचन ओट्याची चीर, टाइल्सचा टवका, बाथरूमच्या दाराखालचा फुगलेला प्लाय, एमएसईबीच्या मीटरचं रीडिंग, सगळं बोलत बोलत, आणि तो त्यांनाही लगेच पाठवते. मग शेवटी वाद घालायला काही उरतच नाही. आणि रंगाचं तर आधीच सांगून टाकावं बाबा, कापणार असाल तर किती ते लिहा, नसाल तर नाही म्हणून लिहा. माणूस दोन-तीन वर्षं राहिला की भिंत थोडी मळणारच, सोफ्याच्या मागे डाग पडणारच, ते नुकसान नाही, ते राहणं आहे. दार फोडलं, बेसिन फुटलं, तर त्याचे पैसे जरूर घ्या, बिल दाखवून घ्या. पण फ्लॅट सोडताना टेम्पो खाली उभा आहे, नव्या मालकाला डिपॉझिट द्यायचंय, आणि इकडचा मालक म्हणतोय बघू, हिशोब करून महिनाभराने देतो, यात समोरच्याची जी अडवणूक होते ती तो कधी विसरत नाही. किल्ली हातात आली, घर बघितलं, त्याच दिवशी मोबाईलवरून पैसे ट्रान्सफर. ज्यांना डिपॉझिट परत देताना अडचण होते त्यांनी ते मुळात खर्च करायलाच नको होतं, ती रक्कम आपली नसते, वेगळी एफडी करून ठेवावी.

आता जरा कडू लिहिते. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटला की एजंट पहिला प्रश्न विचारतो, कोणाला चालेल? आणि मग आपण यादी सांगतो. बॅचलर नको, एकटी मुलगी नको, घटस्फोटित नको, नॉनव्हेजवाले नको, अमुक धर्माचे नको, आडनाव विचारून घ्या. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो, त्यांचा व्हिडिओ घराघरांत बघितला गेला, आपल्याच मुंबईत आपल्याला जागा नाही म्हणून लोकांचा संताप झाला आणि तो बरोबरच होता. मग तोच अपमान आपण कोथरूडमध्ये बसून फोनवर दुसऱ्या कोणाचा करतो तेव्हा आपल्याला काहीच कसं वाटत नाही? आडनाव ऐकल्यावर, अहो आत्ताच दुसऱ्याला दिला, असं सांगितलं तरी समोरच्याला खरं कारण समजतं. तो पंचविशीतला मुलगा असतो, त्याने दिवसभरात असे आठ-दहा नकार ऐकलेले असतात. मालकाने बघायचं ते पगार, आधीच्या मालकाचा फोन नंबर, किती जण राहणार, गाडी किती, कुत्रा आहे का. एवढं विचारायचा पूर्ण हक्क आहे आणि एवढ्यावर निर्णय होतो. माझे सगळ्यात नीटनेटके भाडेकरू म्हणाल तर तीन मुली होत्या, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या, ज्यांना बाकी कोणी घरच देत नव्हतं.

पेठांमधल्या कॉट बेसिसवाल्यांचं तर आणखीनच अवघड. सदाशिव, नारायण, शनिवारात एमपीएससीची मुलं राहतात, एका खोलीत चार-पाच कॉट, घरून शेतीच्या पैशातून महिन्याला ठराविक रक्कम येते आणि निकाल लागेपर्यंत तीच पुरवायची. पाऊस नीट पडला नाही की भाडं उशिरा येतं. तिथल्या काही मालकिणींना मी ओळखते, मुलगा चार दिवस दिसला नाही तर त्या दार वाजवून बघतात, ताप असेल तर पेज देतात, आणि भाडं थकलं तर वडिलांना फोन करायच्या आधी त्यालाच बसवून विचारतात. निकालाच्या दिवशी तर मुद्दाम जिन्यात उभ्या राहतात. यांना कोणी गुंतवणूकदार म्हणणार नाही, पण त्यांची एकही कॉट कधी रिकामी नसते. कोविडमध्ये 2020 च्या एप्रिलमध्ये गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडं किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला काढू नका असं सांगितलं होतं. तेव्हा मुलं पुस्तकं, गाद्या, सगळं खोल्यांत ठेवून गावाला अडकली होती. ज्यांनी तेव्हा निम्म्या भाड्यावर मिटवलं, किंवा नंतर थोडं थोडं द्या म्हणाले, त्यांच्याकडे तीच मुलं परत आली, भाऊबहीण घेऊन आली. आणि ज्यांनी सामान बाहेर काढून ठेवलं त्यांची नावं अजून मुलं एकमेकांना सांगतात.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. आमच्या माहेरी वाडा होता, 1947 च्या भाडे कायद्याने भाडं जे गोठलं ते गोठलंच, 1940 सालच्या भाड्याला धरून रक्कम ठरायची, आणि मग छप्पर गळलं तरी दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या तिथेच, मालक आणि बिऱ्हाडकरू दोघंही एकाच पडक्या भिंतीखाली एकमेकांवर केस करून बसलेले, असे वाडे पुण्यात किती होते ते जुन्या लोकांना विचारा. भाडेकरू घर बळकावतो ही धास्ती आपल्या आजोबांकडून आपल्याकडे आली आहे आणि म्हणूनच आपण नव्या माणसाकडे पहिल्या दिवसापासून चोर असल्यासारखं बघतो. पण आता तसं राहिलेलं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर केलेला असेल तर मुदत संपल्यावर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. त्यासाठी करार रजिस्टर मात्र हवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही हा गैरसमज अजून आहे, महाराष्ट्रात कलम 55 प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खर्च किती, तर वर दिलेल्या फ्लॅटला सातशे-आठशेच्या आसपास स्टँप ड्युटी आणि शहरात 1000 रुपये नोंदणी फी, घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी लोक पाचशेच्या स्टँपवर नोटरी करतात आणि मग रात्री झोप लागत नाही म्हणून भाडेकरूवर नजर ठेवतात!

माझं म्हणणं असं की कागद पक्का असला की मालकाला प्रेमाने वागणं परवडतं. कागद नसला की माणूस धमक्यांवर येतो, पाणी बंद करतो, मीटर काढतो (त्याच 1999 च्या कायद्याच्या कलम 29 प्रमाणे हे करता येत नाही, तो गुन्हा आहे). आणि भाडं थकवणारे, खोटं बोलणारे भाडेकरू असतातच, मला पण एक भेटले होते, दर महिन्याला नवीन कारण. मी त्यांच्याकडे गेले, पण बोलले ते बायको आणि मुलांसमोर नाही, त्यांना एकट्याला खाली बाकावर बोलावलं, म्हटलं नोकरी गेलीय का, खरं सांगा. गेली होती. घरी कोणाला माहीत नव्हतं. मग दोघांनी मिळून तारीख ठरवली, डिपॉझिटमधून दोन महिने वळते केले, त्यांनी जागा सोडली, सगळं मेसेजवर लिहून घेतलं. दया म्हणून मी भाडं माफ केलं नाही, ते आमचंही उत्पन्न आहे, आमच्या यांना पेन्शन नाही. पण मुलांसमोर वडिलांचा अपमान झाला नाही आणि मला कोर्टात जावं लागलं नाही. आम्हा दोघांनाही हेच हवं होतं.

पोलीस व्हेरिफिकेशनबद्दल दोन शब्द. ते करायलाच हवं, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पण सांगायची पद्धत असते. सगळ्यांचंच करतो, तुमचंही करू, एवढं म्हटलं तरी पुरतं, उगाच, हल्ली कोणाचा भरवसा नाही हो, असं म्हणायची गरज नसते. आणि सोसायट्यांनी एक फार वाईट सवय लावून घेतलीय, नवीन भाडेकरू आला की त्याचं आधार कार्ड, फोन नंबर, फोटो सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. दीड-दोनशे लोकांच्या ग्रुपवर एकट्या राहणाऱ्या मुलीचा नंबर आणि गावाचा पत्ता! मालकाने तिथेच हरकत घ्यायला हवी, कारण त्या मुलीने कागद तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत.

सोसायटीत भाडेकरूंना जी वागणूक मिळते त्याचा त्रास शेवटी मालकाच्याच गुंतवणुकीला होतो, पण तसं कोणालाच वाटत नाही. आमच्या इथे गणपतीची वर्गणी सगळ्यांकडून सारखी घेतात, भाडेकरूकडूनही, पण आरतीला ताम्हण हातात द्यायची वेळ आली की यादी मालकांचीच. एका वर्षी चौथ्या मजल्यावरच्या छोट्या मुलाने विचारलं आमची आरती कधी, तर एका आजोबांनी सांगितलं, तुम्ही रेंटवाले ना. सहा-सात वर्षांचं पोर ते, त्याला रेंटवाले म्हणजे काय हेही माहीत नसेल, पण आपण बाकीच्यांपेक्षा कमी आहोत एवढं त्याला बरोबर कळलं, चेहराच उतरला त्याचा. मी आणि अजून दोघी-तिघी मीटिंगमध्ये बोललो, बराच वाद झाला, आणि आता चिठ्ठ्या टाकून आरती देतात, त्यात सगळे फ्लॅट असतात. मतदानाचा हक्क सभासदालाच आहे, ते ठीक आहे, तो नियम आहे. आरतीला कुठला उपविधी लागतो?

संपादक महोदय, तुमच्या वास्तूविषयक पुरवणीला माझी एक मागणी आहे. दर आठवड्याला कुठल्या भागात काय भाव चाललाय ते तुम्ही छापता, त्याच पानावर एकदा साध्या मराठीत लिव्ह अँड लायसन्सचा नमुना करार छापा, ज्यात भाडेवाढ किती, रंगाचे पैसे कोण देणार, घर दाखवायला किती आधी कळवायचं, डिपॉझिट कोणत्या दिवशी परत आणि घराच्या स्थितीचा व्हिडिओ दोघांकडे, हे मुद्दे असतील. वकील आणि नोंदणी कार्यालयातल्या जाणकारांना विचारून छापा म्हणजे त्यात चूक राहणार नाही. आमच्यासारख्या एकदोन फ्लॅटवाल्यांना वकील लावणं होत नाही, एजंट जो फॉर्म भरेल त्यावर आम्ही सही करतो, भाडेकरूही करतो, आणि आत काय लिहिलंय ते दोघांनाही भांडण झाल्यावर कळतं. करार संपायच्या मोसमात, म्हणजे मुलांच्या परीक्षा झाल्यावर एप्रिल-मेमध्ये छापलात तर जास्त लोकांच्या उपयोगाला येईल, कारण शाळेच्या हिशोबाने घरं तेव्हाच बदलली जातात.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक घरमालकीण, वारजे, पुणे